घाम किती गाळावा, विसावा किती घ्यावा

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींसमोर दिलेले व्याख्यान)



 निमंत्रण द्यायला आल्या तेव्हाच चिटणीसबाईंनी मला बजावले होते की, व्यायामाचे महत्त्व आम्ही पुष्कळ वेळा ऐकले आहे, ते पुन्हा नको. आमच्या बायकांचा प्रश्न साधा आहे. वजन उतरवायचे तर आठवड्यातून किती दिवस व्यायाम करावा, आणि किती केला म्हणजे तो अंगाशी येतो, एवढेच सांगा. मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात आणि पुढे बायकांचे वर्ग घेण्यात माझी बरीच वर्षे गेली. इतका नेमका विषय मला क्वचितच कोणी दिला असेल.

तेव्हा उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला मधूनच घरी जावे लागले तरी ती रिकाम्या हाताने जाणार नाही. आठवड्याचे सहा दिवस अंग हलवावे. त्यांतले दोन दिवस ताकदीच्या व्यायामाचे असावेत, बाकीचे चालण्याचे. आणि सातवा दिवस विसाव्याचा. हा सातवा दिवस व्यायाम बुडाल्याचा दिवस नव्हे, तो व्यायामाचाच भाग आहे. आजच्या माझ्या बोलण्याचे सार म्हणाल तर एवढेच.

वर्गात येणाऱ्या बायकांचे मी मनाशी दोन गट करते. एक, ज्या 'उद्यापासून' म्हणत राहतात. दुसरा, ज्या आजपासून सुरू करतात आणि सगळे आजच करू पाहतात. पहिल्या गटाला व्याख्याने पुष्कळ मिळतात. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गटाची. घरात कार्य निघालेले असते, किंवा डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल हातात देऊन डोळे वटारलेले असतात. मग पहिल्याच सोमवारी पहाटे पाचला उठून दीड तास चालणे, संध्याकाळी जिममध्ये तासभर, रात्री जेवण बंद आणि ताटात नुसती काकडी. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो. त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो, पण आनंद तर होतोच! दुसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही. तिसऱ्यात गुडघा धरतो. चौथ्यात बूट माळ्यावर जातात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी आपल्याकडे म्हण आहे; येथे बाशिंग राहते बाजूला आणि गुडघ्याला पट्टा येतो.

या सगळ्यात गुडघ्याचे नुकसान मोठे खरे, पण त्याहून मोठे नुकसान दुसरेच आहे. ती बाई स्वतःशी म्हणते, 'माझ्यात चिकाटीच नाही.' आणि मग पुढची चार-पाच वर्षे ती व्यायामाच्या वाटेला जात नाही. भगिनींनो, चिकाटी तिच्यात होती. हिशेब चुकीचा होता. म्हणून आज आपण हा हिशेब मांडून पाहू. घरखर्चाच्या वहीत आपण जो काटेकोरपणा दाखवतो, तेवढाच येथे पुरे.

आधी जमेची बाजू पाहू. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठवलेले असतात. साठ-पासष्ट किलो वजनाची बाई पाऊण तास झपझप चालली तर तिचे साधारण दीडशे ते दोनशे उष्मांक खर्च होतात. आठवड्याचे सहा दिवस चालली तर नऊशे ते बाराशे. म्हणजे खाणे तेवढेच ठेवून नुसत्या चालण्याने एक किलो उतरायला दीड-दोन महिने लागणार. आता दुसरी बाजू पाहा. चहाचा एक चमचा साखर म्हणजे सुमारे वीस उष्मांक. दिवसातून चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे एकशे साठ उष्मांक झाले. पाऊण तासाची ती सारी पायपीट चार कपांत विरघळून गेली! तळणीतल्या तेलाचा मोठा चमचा एकटाच शंभराच्या वर उष्मांक देतो. यावरून ध्यानात येईल की वजन उतरते ते मुख्यतः ताटापाशी. उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्याचे, आणि ते उतरत असताना अंगातली ताकद टिकवण्याचे काम व्यायाम करतो. दोघांची कामे निराळी आहेत. जिभेचा दंड पायांना भरायला लावू नये.

यावर कोणी म्हणेल, 'मग पाऊण तासाऐवजी दीड तास, दोन तास चालू. खर्च दुप्पट होईल.' वाटते तसे खरे, पण होत नाही. हर्मन पॉन्ट्झर या अमेरिकन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या टांझानियातील हाड्झा लोकांचा अभ्यास केला. शिकार करून, कंदमुळे गोळा करून जगणारी ही माणसे. रोज मैलोगणती चालणारी. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर त्यांचा दिवसाचा एकूण उष्मांक-खर्च शहरात बसून काम करणाऱ्या माणसांपेक्षा फारसा वेगळा नव्हता. शरीर मोठे काटकसरी आहे. एकीकडे खर्च वाढला की ते दुसरीकडे हात आखडते. शिवाय फार दमलेली बाई उरलेला दिवस गादीवर लोळून काढते, आणि तिला भूकही सपाटून लागते, हा तर आपल्या सर्वांचा अनुभव आहे. दुप्पट श्रमाने दुप्पट वजन उतरत नाही. दुखापतीचा धोका मात्र वाढतो.

मग किती पुरे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी असे सांगितले की, आठवड्यातून दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि दोन किंवा अधिक दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. पासष्टीच्या पुढील स्त्रीपुरुषांनी तोल सांभाळण्याचा व्यायामही आठवड्यातून तीनदा करावा. अमेरिकेतील क्रीडावैद्यक महाविद्यालयाने २००९ साली सांगितले आहे की, वजनात लक्षात येण्याजोगा उतार हवा असेल तर आठवड्याला अडीचशे मिनिटांच्या पुढे जावे लागते. रोज पंचेचाळीस मिनिटे धरली तर सहा दिवसांची दोनशे सत्तर होतात. आरंभी मी सहा दिवस म्हटले ते या हिशेबाने. आणि ही पंचेचाळीस मिनिटे एकसलग हवीत असेही नाही. सकाळी वीस, दुपारी मुलांना शाळेतून आणताना दहा, रात्री जेवणानंतर पंधरा, असे केले तरी चालते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण व्यायामालाही लागू आहे.

मध्यम श्रम म्हणजे काय, ते ओळखण्यासाठी मनगटावर महागडे घड्याळ असायला हवे असे नाही. चालताना शेजारणीशी बोलता यावे, पण भजन म्हणता येऊ नये. भजन म्हणता येत असेल तर पाऊल जरा उचला. बोलताही येत नसेल तर जरा सावकाश घ्या. आता मोबाईलवर आणि मनगटी घड्याळांवर पावले मोजायची सोय झाली आहे, आणि दहा हजार पावले पुरी झाली नाहीत तर रात्री अकरा वाजता दिवाणखान्यात फेऱ्या मारणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. हा दहा हजारांचा आकडा कोण्या शास्त्रज्ञाने शोधून काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचे मापक' असा होता. तेथून तो आकडा जगभर गेला. २०१९ साली आय-मिन ली यांच्या अभ्यासात सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रिया होत्या, सरासरी वय बहात्तर. रोज सुमारे चौवेचाळीसशे पावले चालणाऱ्या स्त्रियांतही मृत्यूचे प्रमाण सत्तावीसशे पावले चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे अधिक लाभ दिसला नाही. तेव्हा आकड्यासाठी झोप मोडू नका. झोप हीदेखील तुमच्या हिशेबातली जमेची रक्कम आहे.

रोजच्या थोड्या हालचालीचे मोल किती, याचे एक जुने उदाहरण सांगते. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास जेरी मॉरिस या डॉक्टरांनी केला आणि तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. एकाच गाडीवर दोघे काम करीत. एक दिवसभर बसून गाडी हाकी, दुसरा तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढे-उतरे. हृदयविकाराचे प्रमाण जिना चढणाऱ्यांत कमी आढळले. तो वाहक काही आखाड्यात जात नव्हता. तो रोज, थोडे थोडे, वर्षानुवर्षे चढत होता.

आता विसाव्याकडे वळते. व्यायामाने ताकद वाढते असे आपण म्हणतो, पण व्यायाम चालू असताना ताकद वाढत नसते. त्या वेळी स्नायू दमतात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. नंतर आपण जेवतो, झोपतो, तेव्हा शरीर ती इजा भरून काढते आणि स्नायू थोडे अधिक बळकट बांधते. विरजण लावल्यावर दर अर्ध्या तासाने पातेले हलवून पाहिले तर दही लागते का? ते स्वस्थ ठेवावे लागते. ताकदीच्या व्यायामानंतर त्या स्नायूंना साधारण दोन दिवसांची उसंत लागते. म्हणून ताकदीचे दोन दिवस लागोपाठ धरू नयेत. सोमवार आणि गुरुवार धरा, किंवा मंगळवार आणि शुक्रवार.

हे काही पश्चिमेकडून आलेले नवे ज्ञान नव्हे. आपल्या वैद्यकग्रंथांत व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे; कपाळावर, नाकावर घाम आला, तोंडाला कोरड पडू लागली की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजावे. अतिव्यायामाने तहान, धाप, खोकला, ताप, क्षीणता येते, असेही तेथे नोंदले आहे. वाग्भटाने तर अति करणाऱ्याला हत्ती ओढायला निघालेल्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह बलवान असतो यात शंका नाही. पण हत्ती ओढण्याच्या नादात मरतो तोच.

आणि आपली वारी पाहा. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर. ते एका दमात कोणी तोडत नाही. वाटेत दुपारचा विसावा असतो, रात्रीचा मुक्काम असतो. पुण्याला पालखी मुक्काम वाढवते आणि मग दिवे घाटाची चढण घेते. सत्तरीच्या म्हाताऱ्या आजीबाई डोक्यावर तुळस घेऊन पंढरीला पोचतात, त्या श्रद्धेच्या बळावर पोचतात हे खरेच. पण वाटेतल्या विसाव्यांच्या बळावरही पोचतात.

व्यायाम अति होत आहे हे कसे ओळखावे? खेळाडूंच्या बाबतीत अतिसरावाने महिनोन्महिने टिकणारा थकवा येतो, त्याला डॉक्टर निराळे नाव देतात. आपल्यासारख्या गृहिणींना तो प्रकार बहुधा होत नाही. आपल्याला होते ते असे, की श्रम अचानक वाढलेले, खाणे अचानक घटलेले आणि झोप आधीच अपुरी. या तिन्हींची गाठ पडली की शरीर कुरकुरू लागते. त्याची कुरकूर ऐकायला शिका. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, मिनिटभर नाडी मोजा आणि वहीत टिपून ठेवा. नेहमीपेक्षा पाच-दहा ठोके अधिक असे दोन-तीन दिवस सतत आढळले तर त्या दिवशी व्यायाम हलका करा. दमूनही रात्री झोप लागत नाही, मुलांवर विनाकारण ओरडणे होते, सर्दीपडसे पाठ सोडत नाही, गेल्या आठवड्यात सहज चढलेला जिना या आठवड्यात जड जातो, या सगळ्या खुणा एकच गोष्ट सांगतात. शरीर रजेचा अर्ज करीत आहे, तो मंजूर करावा.

दुखण्यातही फरक करायला शिकावे. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्या ठणकणे, आणि दोन-तीन दिवसांत ते आपोआप थांबणे, हे नव्या व्यायामाचे साधे दुखणे. पण एकाच गुडघ्यात, एकाच टाचेत, बोटाने दाखवता येईल अशा जागी कळ येते, सूज येते, रात्री झोपेतही दुखते, तर ते दुखणे अंगावर काढू नये. फार दमछाकीच्या व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, किंवा चालताना छातीत दाब आला, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

तरुण मुलींविषयी एक गोष्ट विशेष सांगायची आहे, आणि ती आयांनी ऐकावी. मुलीचे वजन झपाट्याने उतरते आहे, व्यायाम दोन्ही वेळा चालला आहे, ताटात भाकरी चतकोर, आणि पाळी लांबत लांबत बंद झाली. अशा वेळी 'बरे झाले, कटकट गेली' असे कोणी म्हणू नये. शरीराला पुरेसे अन्न मिळत नाही तेव्हा ते एकेक खाते बंद करते, त्यातले हे एक. पाळी बंद तर हाडेही कमकुवत होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी २०१४ पासून खेळाडूंच्या संदर्भात याकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. आपल्या घरची मुलगी ऑलिंपिकला जात नसली तरी हाडे तीच आहेत. तीन महिने पाळी आली नाही तर मुलीला घेऊन डॉक्टरांकडे जावे. तिला रागावू नये.

आरंभ करण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे, असा माझा आग्रह असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के पांडुरोगी, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेल्या आढळल्या. त्याच पाहणीत २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. म्हणजे एकाच बाईच्या अंगावर चरबी जास्त आणि रक्त कमी, असे सहज असू शकते. ती चार पावलांत धापा टाकते आणि घरचे तिला आळशी म्हणतात. तिला व्यायामाच्या जोडीला उपचार हवा असतो, टोमणा नको असतो. रक्तदाब आणि साखरही त्याच वेळी पाहून घ्यावी.

आता घरकामाचा प्रश्न. प्रत्येक व्याख्यानानंतर कोणीतरी विचारते, 'बाई, आम्ही दिवसभर राबतो, तो व्यायाम नव्हे का?' २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत देशातील घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे आढळले; पुरुष ९७ मिनिटे. तेव्हा श्रम नाहीत असे म्हणायची माझी छाती नाही. फरशी पुसणे, पाणी भरणे, जिने चढणे ही हालचालच आहे. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहण्याने पाय दुखतात, दम वाढत नाही. वाकून वाकून कंबर शिणते, बळकट होत नाही. म्हणून घरकाम श्रमाच्या खात्यावर पुरे मांडावे, व्यायामाच्या खात्यावर थोडेच. दिवाळीची साफसफाई, पुरणाचा घाट, पाहुण्यांची वर्दळ असेल, त्या दिवशी पहाटेच्या चालण्याचा हट्ट धरू नये. त्या दिवशी शरीराचे श्रम पुरे झाले.

आणि येथेच खरी अडचण आहे. मी सातवा दिवस विसाव्याचा म्हणते, पण बाईला विसाव्याचा वार असतो का? रविवारी सगळ्यांना सुट्टी आणि हिला चार पदार्थ जास्त. व्यायामाला वेळ काढणे एक वेळ सोपे, कारण हल्ली घरचेही 'जा, चालून ये' म्हणतात. विसाव्याला वेळ मागणे अवघड, कारण बसलेली बाई आपल्याच डोळ्यांना खटकते. भगिनींनो, वजन उतरवण्याच्या मार्गातला सर्वांत कठीण व्यायाम मला विचाराल तर तो हा आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी पाय वर घेऊन बसायचे, आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागायची नाही. सात तासांची झोपही त्यातच आली. रात्री साडेअकराला भांडी आवरून पहाटे पाचला चालायला निघणाऱ्या बाईने पहिली सुधारणा करायची ती बुटांत नव्हे, भांड्यांच्या वाटणीत.

आता पहिल्या दोन महिन्यांची आखणी सांगते. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटे चाला, पाच दिवस. अजून चालू शकले असते असे वाटत असतानाच घरी परता. पुढे दर आठवड्याला चार-पाच मिनिटे वाढवा. सहाव्या-सातव्या आठवड्यात पंचेचाळीसपर्यंत याल, तोवर सहावा दिवसही जोडलेला असेल. तिसऱ्या आठवड्यापासून ताकदीचे दोन दिवस धरा. त्या दिवशी चालणे निम्मे करा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आठ-दहा वेळा; भिंतीला तळवे टेकून दंड तितकेच; ओट्याला धरून टाचा उचलणे; पाण्याच्या लिटरभर बाटल्या, म्हणजे किलो-किलोची वजने, दोन हातांत घेऊन वर-खाली करणे. हे सारे थोडी विश्रांती घेऊन आणखी एकदा. वीस मिनिटांत आटोपते. पंचेचाळिशीच्या पुढे, पाळी जाण्याच्या सुमारास, स्नायू आणि हाडे दोन्ही झिजू लागतात. त्या वयात हे दोन दिवस चुकवू नयेत. साठीच्या पुढील भगिनींनी ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव जोडावा.

सूर्यनमस्कार फार चांगले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रसार करून महाराष्ट्रावर उपकारच केले आहेत. पण वर्षभर एकही न घालता रथसप्तमीला एकशे आठ घालू नयेत. तीनांपासून आरंभ करावा आणि आठवड्याला एक-दोन वाढवावेत. मंगळागौरीच्या फुगड्या आणि झिम्मा यांचेही तेच. वर्षात एकदा, रात्र जागवून, उपवासाच्या पोटी केलेल्या फुगडीने कंबर धरते; तीच फुगडी श्रावणाच्या आधी महिनाभर थोडी थोडी घोळवली तर उत्तम व्यायाम होतो.

उपवासाच्या दिवशी हलके चालावे, ताकदीचा व्यायाम ठेवू नये. व्यायाम वाढवला म्हणून जेवण तोडू नये. तेल, साखर, मैदा यांवर हात आखडा. डाळ, उसळ, दूध, दही, चालत असल्यास अंडी-मासे यांवर नको. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने रोज लागतात, आणि आपल्या पोळी-भात-बटाटाभाजीच्या ताटात ती कमीच पडतात. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरले तर ते पुष्कळ झाले. घामाने चरबी वितळते असे सांगून पोटाला पट्टे विकणाऱ्यांच्या नादी लागू नये; घामाने जाते ते पाणी, आणि तांब्याभर पाण्याबरोबर ते परत येते.

आणि काटा हललाच नाही तर? तरी खचू नये. चेन्नईच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांना आहार आणि व्यायाम यांचा सल्ला देऊन सुमारे तीन वर्षे पाहिले. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे वजन म्हणण्यासारखे उतरले नाही, तरीही मधुमेह होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटले. शरीर आतून सुधारत असते आणि काट्याला त्याची खबर नसते. म्हणून काट्यावर आठवड्यातून एकदाच उभ्या राहा. त्याहून बरे म्हणजे टेपाने कमरेचा घेर मोजा. आपल्याकडील स्त्रियांत तो ऐंशी सेंटिमीटरच्या आत असावा असे डॉक्टर सांगतात. आणि दोन मजले चढून गेल्यावर दम किती लागतो, तेही टिपून ठेवा.

शेवटी मंडळाला एक विनंती. हळदीकुंकू, भजन, भिशी यांसाठी आपण जमतोच. आठवड्यातून तीन संध्याकाळी अर्धा तास एकत्र चालण्यासाठी जमावे. सर्वांत सावकाश चालणाऱ्या बाईच्या पावलाने सर्वांनी चालावे, आणि जिला पुढे जायचे असेल तिने पुढच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यावे. एकटीचा उत्साह नव्याचे नऊ दिवस टिकतो. सोबत असली की बाई दहाव्या दिवशीही दारात उभी राहते. आणि आपल्यातली एखादी गळून गेल्यासारखी दिसली तर 'बाई, आज तू बस' असे तिला सांगायलाही सोबतच लागते, कारण ते वाक्य स्वतःशी म्हणण्याची आपल्याला सवय नाही.

आपण सर्वांनी माझे बोलणे इतक्या शांतपणे ऐकून घेतलेत, आणि तेही बसून, म्हणजे आजचा विसावा घडला असे मी धरते.